पोटाचे व्यायाम आणि मानेचे दुखणे

(मंडळाच्या सकाळच्या व्यायाम वर्गातील विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. व्यासपीठावरून शिक्षणावर भाषणे होतात, नोकरीवर होतात, व्यसनमुक्तीवर होतात. पोटाचे व्यायाम करताना मान का दुखते, या विषयावर आजवर कोणी भाषण केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शिवाय आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकुनी करणारे. पोटाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तेवढाच, असे कोणी म्हटले तर आमची हरकत नाही. परंतु गेली काही वर्षे सकाळच्या वर्गाची देखरेख आमच्याकडे असल्यामुळे जे रोज डोळ्यांसमोर घडते ते पाहणे, त्याविषयी वाचणे आणि जाणकार फिजिओथेरपिस्टांना विचारून खात्री करून घेणे एवढे काम आम्ही केले आहे. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

काय घडते ते आधी सांगतो. नवी मुले-मुली पहिल्या आठवड्यात मोठ्या उत्साहाने येतात, दुसऱ्या आठवड्यात मान धरून येतात आणि तिसऱ्या आठवड्यात येतच नाहीत. आम्ही घरी जाऊन चौकशी केली की आई सांगते, "अहो, आमच्या पोरीला ते मानवत नाही. मान आखडली तिची, दोन दिवस अभ्यासाला बसता आलं नाही." आता ही मुलगी हवाई दलाच्या भरतीचे स्वप्न पाहणारी. हवाई दलाच्या शारीरिक चाचणीत धावण्याच्या जोडीला सिट-अप्सही असतात. (चाचणीचे आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून ज्या त्या वर्षाची जाहिरात वाचावी, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.) म्हणजे मानेचे हे दुखणे त्या घरापुरते केवळ दुखणे राहत नाही, एक अर्ज भरायचा राहून जातो. आणि मुलगी आळशी होती म्हणून नव्हे, तर झोपलेल्या अवस्थेतून डोके कसे उचलायचे हे तिला कोणी सांगितले नाही म्हणून. आम्हाला ही गोष्ट लहान वाटत नाही.

आमच्या परिसरात एक समज फार घट्ट बसलेला आहे, तो म्हणजे दुखते आहे याचा अर्थ व्यायाम लागू पडतो आहे. एका तालुक्याच्या गावी भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका वर्गात आम्ही स्वतः पाहिले आहे की मुले मानेमागे बोटे गुंफून धापा टाकीत उठत आहेत, एकाने मान दुखते म्हणून सांगितले, तर शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "दुखू दे, म्हणजे बनेल." काय बनेल, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. पोटाचा व्यायाम करताना पोट दुखले, थरथरले तर ते समजण्यासारखे आहे. मान दुखली तर त्याचा अर्थ सरळ आहे की पोटाचे काम मान करीत आहे. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्यवहार पोटाच्या खात्यावरचा, आणि रक्कम मात्र मानेच्या खात्यात नावे पडते आहे. असे रोज होऊ लागले की एक दिवस मानेचे खाते रिकामे होते.

हे का होते ते समजून घेण्यासाठी थोडी शरीररचना पाहावी लागेल. पोटाच्या पुढच्या बाजूस मधोमध जो लांब स्नायू असतो, ज्याचे चौकोन दिसावेत म्हणून तरुण मंडळी धडपडतात, तो खाली ओटीपोटाच्या हाडापाशी सुरू होतो आणि वर छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापाशी व पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेपाशी संपतो. तेथे तो संपतो, हे लक्षात ठेवा. त्याचा एकही धागा मानेपर्यंत किंवा डोक्यापर्यंत जात नाही. म्हणून हा स्नायू आकसला की बरगड्यांचा पिंजरा आणि कंबरेचे हाड एकमेकांजवळ येतात. डोके उचलणे हे त्याचे कामच नव्हे. उताणे झोपून आपण खांदे उचलतो तेव्हा डोके वर आणण्याची जबाबदारी सर्वस्वी मानेच्या पुढच्या स्नायूंवर असते.

आणि डोके काही हलके नसते. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो भरते. उभे असताना हे ओझे मणक्यांच्या खांबावर तोललेले असते, डोक्यावर भरलेला हंडा तोलून चालणाऱ्या बाईप्रमाणे, त्यामुळे मानेला फारसे जाणवत नाही. आडवे झालो की तोच खांब आडवा होतो आणि ओझे त्याच्या टोकाला लोंबू लागते. पाच किलो ज्वारीची पिशवी हात खाली सोडून नेता येते, पण तोच हात समोर आडवा ताणून तीच पिशवी धरा, किती वेळ धरता येते ते पाहा. येथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. आमच्या काही भगिनी म्हणतात, आम्ही जन्मभर डोक्यावर ओझी वाहिली, आमची मान मजबूत आहे. ओझे वाहण्याने मानेला वरून खाली येणारा भार तोलण्याची सवय होते. आडव्या अवस्थेत डोके पुढे उचलण्याची ताकद ही निराळी असते आणि ती निराळीच कमवावी लागते.

मानेच्या पुढच्या बाजूला दोन प्रकारचे स्नायू आहेत. एक प्रकार खोलवरचा, अन्ननलिकेच्या मागे मणक्यांना अगदी चिकटून असलेल्या छोट्या स्नायूंचा. हनुवटी किंचित आत घेऊन मान सरळ धरणे हे त्यांचे काम. दुसरा प्रकार वरवरचा. आरशासमोर मान एका बाजूला वळवा, कानामागच्या हाडापासून खाली छातीच्या व गळ्याच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा जाड दोर दिसेल, तो हा. नवशिक्या माणसाचे खोलवरचे स्नायू अशक्त असतात. वर्गात, कचेरीत, मोबाइलवर तासन् तास डोके पुढे काढून बसणाऱ्यांचे तर विशेषच. मग उचलण्याचे सर्व काम तो वरचा जाड दोर अंगावर घेतो. त्याची ओढ अशी आहे की तो एकटा कामाला लागला की हनुवटी पुढे आणि वर निघते, मानेचा खालचा भाग वाकतो आणि वरचा भाग उलट्या दिशेने दबतो. पहिल्यांदा पोटाचा व्यायाम करणाऱ्याचा चेहरा आठवा, हनुवटी छताकडे, गळ्याच्या शिरा ताठ, दात आवळलेले. दुसऱ्या दिवशी मानेच्या मागे डोक्याच्या बुडाशी जे ठणकते त्याचे एक मूळ तेथे आहे.

दुसरे मूळ हातांत आहे. बोटे एकमेकांत गुंफून मानेमागे ठेवण्याची आपल्याकडे सार्वत्रिक पद्धत पडली आहे. पहिले पाच-दहा वेळा पोट काम करते. पोट थकले की माणूस नकळत हातांनी डोके ओढू लागतो. कोपरे पुढे येतात, हनुवटी छातीला टेकते, आणि माणसाला वाटते की आपण वर आलो. वास्तविक वर आलेले असते फक्त डोके, खांदे जमिनीवरच असतात. एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण वीस भागांतील एक भाग असते. म्हणजे साठ किलोच्या तरुणाचे दोन्ही हात मिळून सहा किलो झाले. त्या हातांची ओढ आणि त्यांच्या भाराचा काही हिस्सा वाकलेल्या मानेच्या मागच्या बाजूवर येतो, आणि हे झटक्याने, पन्नास पन्नास वेळा.

मग हात मानेमागे ठेवूच नयेत काय? असे आमचे म्हणणे नाही, उलट नवशिक्याला हाताचा आधार उपयोगी पडतो. फरक एवढाच की हात उशी असावा, दोरी नसावा. बोटे गुंफू नका. दोन्ही तळहातांची बोटे मानेवर नव्हे तर कवटीच्या मागच्या फुगीर भागाखाली ठेवा, कोपरे बाजूला उघडी ठेवा, इतकी की डोळ्यांच्या कडेला जेमतेम दिसतील. मग डोक्याचे वजन मागे हातांत सोडून द्या, न्हाव्याच्या दुकानात खुर्चीच्या टेकूवर आपण डोके सोडतो तसे. आता उठताना डोके हाताला मागे दाबते आहे की हात डोक्याला पुढे ढकलतो आहे, याकडे लक्ष ठेवा. पहिले असेल तर चालू ठेवा. दुसरे सुरू झाले की थांबा, त्या दिवसाचे तेवढेच.

याहून सोपी युक्ती टॉवेलची आहे आणि आमच्या वर्गात तिचा अनुभव फार चांगला आला. मोठा आंघोळीचा टॉवेल लांबीने असा अंथरावा की खालचे टोक खांद्याच्या पात्यांखाली येईल आणि वरचे टोक डोक्याच्या पलीकडे राहील. वरची दोन टोके दोन हातांत घट्ट धरून टॉवेल ताणला की डोक्यासाठी झोळी तयार होते. तान्ह्या मुलाला झोळीत ठेवतो तसे डोके तिच्यात पूर्णपणे सोडून द्यायचे आणि खांदे उचलायचे. डोक्याचा भार टॉवेलमार्फत हातांवर आणि खांद्यांवर जातो, मानेला काही करावे लागत नाही. अशा रीतीने दहा वेळा उठल्यावर अनेक जण पहिल्यांदाच सांगतात की पोट जळजळले. म्हणजे इतके दिवस पोट कामावर हजरच नव्हते!

आता उठायचे किती, हा प्रश्न. पूर्ण उठून गुडघ्याला नाक लावण्याची शर्यत नवशिक्याने करू नये. खांद्यांच्या पात्यांचा वरचा भाग जमिनीपासून सुटला की पोटाच्या त्या स्नायूचे वाकवण्याचे काम बहुतांशी झालेले असते. साधारण तीस अंशांच्या पुढे उठवण्याचे काम मांडीच्या सांध्याला वाकवणारे स्नायू करतात, आणि कोणी पाय दाबून धरले तर अधिकच. म्हणून शंभर सिट-अप्स काढल्याची बढाई ऐकली की त्यातली निम्मी बढाई मांड्यांची आहे असे आम्ही समजतो. भरतीच्या चाचणीसाठी पूर्ण उठावे लागते हे खरे, तिचा सराव जरूर करावा, पण खांदे उचलण्याची ही अर्धी क्रिया स्वच्छ जमल्यानंतर.

उठताना हनुवटी छातीला चिकटवायची नाही आणि छताकडेही रोखायची नाही. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये एक मोसंबे मावेल एवढी जागा शेवटपर्यंत राहिली पाहिजे. वर येताना तोंडाने श्वास सोडावा, म्हणजे बरगड्या आपोआप खाली येतात आणि पोट आत जाते. श्वास कोंडून उठणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा फुगतात, तेवढ्यावरून तो ओळखू येतो. जबडा सैल ठेवावा, जीभ टाळूला लावली तर मानेला स्थिरता येते असा अनेकांचा अनुभव आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वेळी खाली आल्यावर डोके जमिनीवर टेकवून क्षणभर पूर्ण सोडून द्या. पुष्कळ जण डोके अधांतरी ठेवूनच एकापाठोपाठ एक वेळा मोजत राहतात. पोटाला मध्ये मध्ये विसावा मिळतो, पण मान मात्र दोन दोन मिनिटे सलग राबते. एवढी एक सवय बदलली तरी निम्म्या तक्रारी मिटतात, असे आम्ही आमच्या वर्गापुरते खात्रीने सांगू शकतो.

ज्यांना मुळात कधीच व्यायाम केलेला नाही, त्यांनी पहिले दोन आठवडे डोके उचलूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. डोके जमिनीवर ठेवून पोटाला भरपूर काम देता येते. उताणे झोपून गुडघे वाकवा, श्वास सोडत कंबरेखालची पोकळी जमिनीला लावा. ते जमले की कंबर तशीच टेकलेली ठेवून एक टाच जमिनीवरून सरकवीत पाय लांब करा आणि परत घ्या, मग दुसरा. त्यापुढची पायरी म्हणजे दोन्ही पाय उचलून गुडघे काटकोनात धरायचे, हात छताकडे सरळ, आणि आळीपाळीने एक टाच व विरुद्ध बाजूचा हात हळूहळू जमिनीकडे न्यायचा. दिसायला हे अगदी पोरखेळ आहे. कंबर न उचलता दोन्ही बाजूंनी आठ आठ वेळा करून दाखवणारा नवशिक्या आम्हाला अजून भेटायचा आहे. गुडघे व तळवे टेकून उजवा हात आणि डावा पाय एका रेषेत ताणायचा, मग उलट, हाही व्यायाम उत्तम. प्लँक करायचा असेल तर आधी गुडघे टेकून करावा आणि नजर दोन्ही हातांच्या मधल्या जमिनीवर ठेवावी. समोर कोणी मोबाइलवर वेळ मोजत असेल तर तिकडे मान वर करून पाहत राहू नये. डोके खाली लोंबू देणे तितकेच वाईट.

आमच्या वयाच्या मंडळींसाठी एक वेगळी सूचना. वर्षानुवर्षे खुर्चीत वाकून बसल्यामुळे ज्यांच्या पाठीचा वरचा भाग गोल झाला आहे, ते सपाट जमिनीवर झोपले की डोके मागे पडते आणि हनुवटी वर जाते. म्हणजे व्यायाम सुरू होण्याआधीच मान चुकीच्या स्थितीत असते. अशांनी चादरीची एक-दोन पदरी घडी डोक्याखाली घ्यावी. यात कमीपणा नाही.

मानेचे खोलवरचे स्नायू कमावण्याचा एक साधा प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील ग्वेन जुल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानदुखीच्या रुग्णांसाठी या दिशेने पुष्कळ काम केले आहे. उताणे झोपा, डोके जमिनीवरच राहू द्या, आणि कोणाला "हो" म्हणताना मान हलवतो तशी हनुवटी अगदी थोडी खाली आणा. डोके उचलायचे नाही, दाबायचे नाही. दहा सेकंद तसे धरा, सोडा, असे दहा वेळा. गळ्यावर दोन बोटे हलकेच ठेवली तर तो तिरका जाड दोर मऊ राहिला की ताठ झाला हे कळते. ताठ झाला तर तुम्ही जोर जास्त लावता आहात. हे करताना घाम येत नाही, धाप लागत नाही, आणि म्हणूनच मुले ते टाळतात. घाम आला नाही तर व्यायाम झाला नाही, हा दुसरा एक समज.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्यावर दीर्घकाळ संशोधन करणारे प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी खांदे उचलण्याच्या क्रियेची जी सुधारलेली पद्धत सांगितली आहे ती आम्हाला विशेष पसंत आहे. एक गुडघा वाकवायचा, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळहात कंबरेच्या पोकळीखाली. मग डोके, मान आणि छातीचा वरचा भाग हा जणू एकच दगड आहे असे समजून तो जमिनीपासून थोडासाच सोडवायचा आणि काही सेकंद धरायचा. मान वेगळी वाकत नाही, म्हणून दुखत नाही. हात कंबरेखाली अडकलेले असल्यामुळे डोके ओढण्याचा मोहही उरत नाही. पण याला मानेची थोडी ताकद लागते, तेव्हा तिसऱ्या आठवड्याच्या आधी नको.

जगातही वारे बदलले आहे. अमेरिकी लष्कराच्या शारीरिक चाचणीत १९८० पासून दोन मिनिटांत जास्तीत जास्त सिट-अप्स काढण्याची अट होती. २०२२ साली लागू झालेल्या नव्या चाचणीत ती गेली आणि तिच्या जागी प्लँक आला. आपल्याकडे तरुण पिढी मात्र मोबाइलवरील चित्रफिती पाहून तीस दिवसांत पोट सपाट करण्याच्या मागे लागली आहे. तेव्हा हेही सांगून टाकतो की पोटाच्या व्यायामाने पोटावरची चरबी उतरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २४ जणांपैकी एका गटाकडून सहा आठवडे केवळ पोटाचे व्यायाम करून घेण्यात आले. त्यांच्या स्नायूंची चिकाटी वाढली, पण पोटावरची चरबी कमी झाली नाही. चरबीसाठी चालणे, धावणे आणि ताटाकडे लक्ष हेच उपाय. म्हणजे ज्या दोनशे वेळांच्या हट्टापायी मान मोडून घेतो, त्या दोनशे वेळांचा त्या कामी उपयोगच नाही. दहा-बारा स्वच्छ वेळा, मध्ये विश्रांती, पुन्हा दहा-बारा, आठवड्यातून तीन दिवस, एवढे नवशिक्याला पुष्कळ झाले. मोजणी पोटावरून करावी, आणि मान थकली की पोट थकले नसले तरी उठणे बंद करून जमिनीवर डोके ठेवून करण्याच्या प्रकारांकडे वळावे.

आता दुखण्यादुखण्यातला फरक. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू अंबल्यासारखे होतात, दाबले की दुखतात, हालचाल केली की मोकळे होतात. त्याला घाबरू नये. परंतु दुखणे मानेतून खांद्याकडे, हाताकडे उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, हाताची पकड ढिली झाली असेल, चक्कर येत असेल, किंवा व्यायाम करताना एकाएकी तीव्र डोकेदुखी झाली असेल तर व्यायाम ताबडतोब बंद करून डॉक्टरांकडे जावे. मालिशवाल्याकडून मान मोडून घेण्याची पद्धत आपल्या वस्त्यांमधून अजून आहे, न्हाव्याकडेही "कट्" असा आवाज काढून देतात. वरील लक्षणे असताना हे करून घेणे धोक्याचे आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगा.

ज्यांना मानेच्या मणक्यांची झीज असल्याचे निदान झाले आहे, हर्निया आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, किंवा ज्या भगिनी गरोदर अथवा नुकत्याच बाळंत झालेल्या आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर स्त्रियांनी तर पुढे वाकून उठण्याचा व्यायाम टाळलेलाच बरा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये झालेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले होते की अशा स्त्रियांपैकी ज्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले त्यांच्यात मणके दबून मोडण्याचे प्रमाण, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक होते. नातवंडांबरोबर हौसेने सतरंजीवर उतरणाऱ्या आजींना हे कोणी सांगत नाही.

ज्या मुलीचा उल्लेख आरंभी केला, तिच्या आईला आम्ही एवढेच म्हणालो की ताई, तिला महिनाभर पाठवा, डोके जमिनीवरच राहील. ती पुन्हा येऊ लागली आहे. तिची मान अजून लवकर थकते, पण आता मान थकली हे तिला कळते आणि ती थांबते. भरतीचे काय होईल ते आज आम्ही सांगू शकत नाही.

बोलणे फार झाले. मागच्या बाजूला सतरंज्या अंथरलेल्या आहेत, भगिनींसाठी वरच्या मजल्यावरची खोली मोकळी करून घेतली आहे. घरून टॉवेल आणायला सांगितले होते, ज्यांनी आणला नसेल त्यांना आमच्याकडचे सात-आठ मिळतील. ज्यांचे जेवण होऊन दोन तास झालेले नाहीत त्यांनी आज केवळ पाहावे. बाकीच्यांनी आधी झोळी कशी धरायची ते जोडीदाराकडून तपासून घ्यावे, मग डोके सोडावे.